हे मूळचं नाही

भालेरावकाकांना कुणी जुनी गाडी दाखवायला आणली, की ते गाडीवाल्याशी बोलतच नाहीत. बॉनेट उघडतात, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला दांडीचा आरसा इंजिनामागे सरकवतात आणि दोन मिनिटांत निकाल देतात, "हे मूळचं नाही." उभा जन्म कारखान्यात इंजिनं तपासण्यात गेला. निवृत्त झाले, पण तपासणी चालूच. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात त्यांनी भर मांडवात नवरदेवाच्या केसांकडे बघून हेच वाक्य म्हटलं. दुर्दैवानं ते खरं होतं.

वारज्यातल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. म्हणजे बिनपगारी शिव्या खाणारा. काकू गेल्या त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून काकांची जुनी गाडी कव्हरखाली उभी आहे, चाकांतली हवासुद्धा गेली आहे. कमिटीनं ठरवलं, गाडी भंगारात काढा, जागा मोकळी करा. नोटीस मी दिली. तासाभरात ती परत आली, लाल पेन्सिलीच्या खुणांसकट. तारीख नाही, सही वाचता येत नाही, शुद्धलेखनाच्या चार चुका. खाली शेरा : नापास.

"काका, रविवारी मीटिंग आहे. गाडी उचलून नेतील हो."

"येऊ देत. मी आत बसून राहीन. मलाही भंगारात घाला."

अशा माणसाकडे मीच मदत मागायला गेलो, कारण मला जुनी गाडी घ्यायची होती. काका लगेच चप्पल घालून निघाले. स्वारगेटच्या पुढचा विक्रेता म्हणाला, "काका, बिनधास्त घ्या. इंजिनाला कुणी हात लावलेला नाही."

काकांनी आरसा सरकवला. इंजिनाच्या भागांवर ते ओतल्याची तारीख उठवलेली असते, हे मला तेव्हा कळलं.

"इंजिनाचा खालचा भाग गाडीच्या वयाचा. वरचं हेड तीन वर्षांनी लहान. मधली तीन वर्षं गाडी डोक्याशिवाय धावली का?"

"घ्यायची नसेल तर निघा, काका."

"निघतो. डोक्याशिवाय चालवणारे पुण्यात रोज बघतो. गाडी आज पहिल्यांदा पाहिली."

परत आल्यावर मलाच चेव चढला. म्हटलं, "काका, आता तुमची उघडा. बघू किती मूळची आहे ते."

कव्हर काढून त्यांनी आरसा माझ्या हातात दिला. शोधून शोधून मी एक चूक पकडलीच. अॅक्सिलरेटरची तार अडकते तिथे पिनेऐवजी बायकांच्या अंबाड्याचा काळा आकडा वाकवून बसवला होता.

"हे मूळचं नाही!" मी ओरडलो.

"नाही," काका म्हणाले. "भोरच्या पुढे घाटात पिन तुटली. हिनं अंबाड्यातला आकडा काढून दिला. म्हणाली, घरापर्यंत चालेल. अठरा वर्षं चालला." त्यांनी आकड्यावरची धूळ बोटानं पुसली. "इंजिन बदललंय, हेड बदललंय, गिअरबॉक्ससुद्धा. या गाडीत मूळचं असं एवढंच राहिलंय."

मी आरसा परत दिला.

रविवारी मीटिंगमध्ये पहिलाच विषय काकांच्या गाडीचा निघाला. मी उभा राहिलो. "गाडी मी स्वतः तपासली आहे. मूळची आहे. ती जागची हलणार नाही. ज्याला हलवायची असेल, त्यानं आधी सेक्रेटरी हलवावा."

मागच्या खुर्चीत काका खिशातला आरसा काढून उगाचच पुसत बसले होते.