नव्या सिस्टरची बाहुली

बाळंतिणींच्या वॉर्डात रुजू झाल्यापासून तिला सगळे ‘नवी’च म्हणत. आज मोठ्या सिस्टरनी तिच्यावर पहिलंच स्वतंत्र काम सोपवलं होतं. बाळ कसं धरायचं, कसं गुंडाळायचं, हे आयांना बाहुलीवर करून दाखवायचं. बाहुली खऱ्या बाळाएवढीच मोठी, तेवढीच जड आणि वॉर्डातल्याच पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेली.

ती काखेत मारून नवी निघाली, तोच खिडकीजवळच्या खाटेवरची बाळंतीण म्हणाली, "सिस्टर, बाथरूमपर्यंत नेता का? एकटीनं भीती वाटते. याला जरा घ्या."

नवीनं बाहुली पाळण्यात टाकली, शेजारी बाळाला अलगद ठेवलं आणि बाईला हात दिला. बाथरूमच्या दाराशी पोहोचते, तर मागून मोठ्या सिस्टरचा आवाज, "अगं, बायका ताटकळल्यात तिकडे."

बाईला वॉर्डातल्या मावशींच्या हवाली करून नवी धावत आली, पाळण्यातलं गाठोडं उचलून काखेत मारलं आणि शिकवायची खोली गाठली.

"घाबरायचं नाही," ती पाठ केलेलं बोलू लागली. "आधी चुकीची पद्धत दाखवते." तिनं एका हातानं गाठोडं वर उचललं.

गाठोडं शिंकलं.

नवीचा दुसरा हात आपोआप मानेखाली गेला. दुपट्यातून एक गुलाबी पाऊल बाहेर आलं. घोट्याला पट्टी, पट्टीवर खिडकीजवळच्या खाटेचा नंबर.

"शिंकते पण?" पुढची बाई कौतुकानं म्हणाली.

"नवीन आलीय," नवी कशीबशी म्हणाली. "आणि चुकीची पद्धत... ती नकोच बघायला."

मान अशी, पाठ अशी, सांगताना तिचा आवाज कुजबुजण्यावर आला. कानशिलांवरून घाम ओघळत होता.

"बाहुलीला केवढं जपता हो," कुणीतरी म्हणालं.

"सवय हवी," नवी म्हणाली.

परत जाताना तिला पळत सुटावंसं वाटत होतं. पण हातात बाळ होतं. एकेक पाऊल जपून टाकत ती खाटेपाशी पोहोचली. बाळंतीण आडवी झाली होती आणि इतके दिवस बाळाला हात लावायला घाबरणारा तिचा नवरा बाहुली छातीशी धरून डुलत होता.

"हळू," तो म्हणाला. "आत्ताच डोळा लागलाय. माझ्याकडे जरासुद्धा रडला नाही."

गुपचूप अदलाबदल करावी, असं नवीच्या मनात येऊन गेलं. पण हात धजेना.

"माझी चूक झाली," ती म्हणाली. "तुमचं बाळ हे आहे. ती शिकवायची बाहुली आहे."

नवऱ्यानं दुपटं बाजूला करून रबरी गाल दाबून पाहिला. बाळंतिणीनं बाळ कुशीत ओढलं, पट्टी वाचली, डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं.

"मोठ्या सिस्टरना मी आत्ताच सांगते," नवी म्हणाली. "तुम्हाला तक्रार करायची असेल तर..."

"करू नंतर. आधी हळू बोला." नवऱ्यानं दाराकडे पाहिलं. "आई आत्ताच पहिल्यांदा नातू बघून गेलीय. बाहेर उभी राहून सगळ्या नातलगांना फोन करतेय, नाक अगदी माझ्यावर गेलंय म्हणून."