वरणपिता आणि तात्यांचा एडिटर

दगडूतात्यांच्या कॉम्प्युटरवर ‘क’ दाबला की ‘क’च उमटेल, अशी हमी आख्ख्या आष्टीत कुणी देणार नाही. मी एकदा स्नेहसंमेलनाची सूचना टाईप करायला बसलो. पहिल्या बोटाला पडदा हिरवागार झाला, दुसऱ्याला लिहिलेलं गायब झालं आणि तिसऱ्याला ‘आपला कृपाभिलाषी’ पानभर उमटलं. मी घाबरून दोन्ही हात वर केले.

तात्या टाळ्या पिटत हसले. “ह्याला म्हनत्यात एडिटर!”

तात्या आमचे शेजारी, शाळेतून निवृत्त झालेले क्लार्क. एडिटर म्हणजे मजकूर लिहायचं साधं सॉफ्टवेअर. पण तात्यांच्या एडिटरमधली प्रत्येक कळ हवी तशी बदलता येते. एवढ्या एका गोष्टीवर ते कुणालाही गाठतात. कपिलधारला धबधब्याखाली नाकातोंडात पाणी जात असतानाही मला ओरडून सांगत होते, “अन् फुकट हाय बे!”

“पण तात्या, कळा न बदलता आहे तसंच शिकलं तर?” मी एकदा विचारलं.

“कावून? चप्पल चावती म्हनून पाय तासतोस का चप्पल सैल करतोस?”

लिंबागणेशच्या पाहुण्यांची लग्नपत्रिका त्यांनीच टाईप केली. आदल्या दिवशी आचाऱ्याची यादी करताना ‘वर’ लिहिलं की ‘वरण’ व्हावं, अशी सोय केलेली. पत्रिकेत वरपित्याचा ‘वरणपिता’ झाला. पाहुणे लई भडकले. तात्या शांत. “आता तुमाला कुनी इसरत न्हाई!”

परवा त्यांच्याकडे गेलो. पक्षाघात झाल्यापासून मालनकाकूंना, म्हणजे तात्यांच्या पत्नीला, बोलता येत नाही. उजवा हातही लुळा पडलाय. त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. तात्यांनी एडिटरचं पुराण लावलं. काकूंनी डाव्या हाताचं बोट एका कळीवर टेकवलं. पडद्यावर ठळक अक्षरं आली : ‘आदी मानसाला पानी तर इचारा!’

तात्यांनी पळत तांब्या आणला. काकूंनी दुसरी कळ दाबली : ‘घासलाय का त्यो?’

मला हसू आवरेना. “काकू, एवढी वाक्यं भरलीत?”

“मी भरली,” तात्या म्हणाले. “जल्मभर ऐकलीत, समदी पाठ हायती. घरात कुनी रागवायलाच न्हवतं रं. घर खायला उठायचं.”

काकूंचं बोट पुन्हा हललं. या वेळी एकेक अक्षर शोधत, थांबत थांबत. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.

‘सदरा उलटा घातलाय.’

तात्यांनी सदऱ्याकडे पाहिलंच नाही. पडद्यावर हात फिरवत हळूच म्हणाले, “हे मी न्हाई भरलेलं.”