कठडा उघडण्यासाठी कारण निवडा

मूल का रडतं हे त्याच्या आईला कळतं, असा एक समज मानवजातीने हजारो वर्षं कसल्याही पुराव्याशिवाय जोपासला. बुद्धिमान पाळणा आला आणि या बेशिस्तीला आळा बसला.

पाळण्याची रीत सोपी आहे. बाळ रडलं की पाळणा ऐकतो आणि पडद्यावर आपलं मत देतो. त्याखाली आईने स्वतःचं मत नोंदवायचं: भूक, ओलं, झोप, कंटाळा किंवा इतर. मतं जुळली की कठडा उघडतो आणि आईचा पालकत्वाचा अंक दोनाने वाढतो. नाही जुळली तर तो दोनाने घटतो आणि बाळाला रडण्याची आणखी एक संधी मिळते. पाळण्याचं निदान ९७.३ टक्के अचूक असतं (उरलेली २.७ टक्के बाळं चुकीचं रडतात). कठडा जबरदस्तीने उघडल्यास हमी रद्द होते (पाळण्याची की बाळाची, याबाबत माहितीपत्रक मौन बाळगतं).

तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात बाळ आठ महिन्यांचं होतं आणि आईचा अंक एकेचाळीस. बाबांचा अठ्ठ्याण्णव.

"अगं, वर लिहिलेलंच खाली दाबायचं," ते समजावत. "त्यात काय एवढं?"

तिने संख्याशास्त्रात पदवी घेतली होती, त्यामुळे टक्केवारी दिसली की तिची मान आपोआप आदराने झुके. फक्त बाळ रडलं की पदवीचा विसर पडे आणि बोट भलतीकडे जाई. चाळिसाच्या खाली घसरलेल्या आईची नेमणूक 'सहायक पालक' या पदावर होते. सहायक पालकाला बाळाशी बोलता येतं, लांबून खुळखुळा वाजवता येतो. उचलता येत नाही.

त्या दिवशी सकाळपासून बाळ डावा कान उशीवर घासत होतं, दोन घोट दूध घेऊन तोंड फिरवत होतं. तिने हे सगळं पाहिलं होतं. अकरा वाजता त्याने किंचाळून रडायला सुरुवात केली.

पाळण्याचं मत: कंटाळा.

"कंटाळा कसला डोंबलाचा!" सासूबाई ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून आल्या. "कान ठणकतोय त्याचा. उचल की!"

"कळतंय हो आई. पण कान नाहीये ना."

"नाहीये म्हणजे?"

"यादीत."

"मग ते 'इतर' दाब."

"त्याला दोन साक्षीदार आणि कामाचे तीन दिवस लागतात."

"पाळणा आणलाय की कचेरी?"

एकेचाळीस उणे दोन. तिने वजाबाकी पुन्हा पुन्हा करून पाहिली, दर वेळी एकोणचाळीसच येत होते. चाळीस मिनिटं ती कठड्याशी उभी राहिली; खोटं कारण दाबायला बोट धजेना. बाळ रडून रडून लाल झालं, मग नुसतंच हुंदके देऊ लागलं. तेव्हा तिने 'कंटाळा' दाबलं.

कठडा अलगद खाली सरकला. 'अभिनंदन! आपला अंक त्रेचाळीस. आपण आपल्या बाळाला समजून घेऊ लागला आहात.'

तिने बाळाला छातीशी धरलं आणि चपला उलटसुलट घालून दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी कानात दिवा धरला.

"चांगलाच सुजलाय. कधी लक्षात आलं?"

"सकाळीच."

"आणि आणताय आत्ता?"

अंक वाढल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावरून अजून पुरता उतरला नव्हता.

अहवाल पाळण्याकडे पाठवण्यात आला. पाळणा वृत्तीने प्रामाणिक असल्याने त्याने तातडीने नोंद सुधारली: 'या बाळाला कंटाळा डाव्या कानात येतो.'

अशा आईची कीव येणं साहजिक आहे. पोटच्या लेकराला उचलायचं की नाही हे यंत्राला विचारायचं, म्हणजे हद्द झाली! तुमचं सुदैवाने तसं नाही. तुम्ही आज सकाळी उठलात, मनगटावरच्या घड्याळात पाहिलंत, आणि मगच तुम्हाला कळलं की झोप छान लागली होती.