दाऊदभाईंची पाठ

दाऊदभाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, दुकानात माणूस गेला! नव्याकोऱ्या गालिच्यावर उताणे, डोळे मिटलेले, हात पोटावर. मी बोंब मारणार, तोच आवाज आला, "ओरडू नकोस. पाठीला विचारतोय."

हे रत्नागिरीचे दाऊदभाई, दोह्यातल्या आमच्या गालिच्यांच्या दुकानाचे डिझायनर. मी टायपिस्ट, आणि मोडक्यातोडक्या अरबीमुळे दुभाषी. भटक्या अरबांच्या तंबूंवरचे पट्टे, त्रिकोण घेऊन ते नव्या बंगल्यांसाठी नवी नक्षी काढायचे. पण माल पसंत करायची पाठ! "डोळे लबाड. पाठ खोटं बोलत नाय." गिऱ्हाइकं बिचारी त्यांना वळसा घालून जायची. बिन महमूद भागातल्या आमच्या घरी जेवायला आले, तर आधी चटईवर आडवे. "वहिनी, चटई रागावलीय तुमच्यावर." बायको कोणावर रागावली ते सांगायला नको.

ऐंशी सालाच्या सुमारास मालकानं अल रय्यानला बंगला बांधला. त्याची म्हातारी आई तंबूत वाढलेली. तिला गालिचा हवा होता तिच्या आईनं विणलेल्या तंबूच्या पडद्यासारखा. पडदा कधीच फाटून गेला होता, फोटो नाही. दाऊदभाईंनी कागदावर काढलेली तीन डिझाइनं म्हातारीनं नापास केली. मालक म्हणाला, "चौथं नापास, तर खलास. तिकीट काढतो." दाऊदभाईंचा चेहरा उतरला. पन्नाशीच्या माणसाला दुसरीकडे कोण ठेवणार?

मग दर शुक्रवारी माझी सुट्टी गेली चुलीत आणि आम्ही अल रय्यानला. म्हातारी मुलाला शेजारी बसवून खजुराच्या बियांनी फरशीवर नक्षी मांडायची. बिया कमी पडल्या की "यल्ला!" म्हणजे "चला!" म्हणून खजुराचं ताट पुढे सरकवायची. एक त्रिकोण पुरा होईपर्यंत अर्धा किलो खजूर आमच्या पोटात! शेवटी शेवटी मला खजूर नुसता दिसला तरी मळमळायचं. दाऊदभाई मात्र खात होते, आणि चौकटीच्या कागदावर उतरवत होते.

गालिचा उत्तर प्रदेशातल्या भदोहीहून विणून आला. म्हातारी त्याच्याभोवती फिरली, मग खाली बसली. एक लाल पट्टा बोटांनी चाचपत काठापर्यंत गेली आणि म्हणाली, "युम्मा." म्हणजे आई. मालकानं डोळे पुसले. नोकरी वाचली होती.

दाऊदभाई मात्र तिथं नव्हते. बाहेर गाडीत बसले होते. मी म्हटलं, "भाई, जिंकलात! आता मिठाई काढा. खजूर सोडून काहीही."

ते रडत होते. मी चरकलोच.

"हिला एवढ्या वर्षांपूर्वीचा पडदा आठवतो रे. माझी आई गोधड्या शिवायची. काल रात्री काढायला बसलो, तर एक तुकडा आठवत नाय."

"घरी असेल ना एखादी?"

"ती गेली तेव्हा मी इथंच. घरच्यांनी सगळं वाटून टाकलं." त्यांनी नाक पुसलं. "दोह्याला निघालो तेव्हा तिनं बॅगेत भरली होती. मीच बाहेर काढली. म्हटलं, तिथं उकडतं गं आई. गोधडी कशाला?"