कुबियाकच्या खिशातला गस टॉलिव्हर

मंगळवारी सकाळी नाश्ता करताना वेंडेल झीलकेने वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि इतका लांब सुस्कारा सोडला, की त्याच्या बायकोला, अर्डिसला, वाटलं ओळखीतलं कोणीतरी वारलं.

"कोण गेलं?"

"गस."

"कोण गस?"

या घरात हा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. गस टॉलिव्हर हा बेसबॉलचा खेळाडू. मोठ्या संघात होता, पण मैदानापेक्षा बाकावर जास्त दिसायचा. लोक नावाजलेल्या खेळाडूंची कार्डं जमवतात. वेंडेल जमवायचा फक्त गसची, आणि तीही दुकानात सरळ मिळणारी नव्हेत, जाहिरातीसाठी कुठे कुठे वाटलेली. पावाच्या पिशवीतलं, सॉसेजच्या पाकिटातलं तेलकट झालेलं, दुधाच्या खोक्यावरून कापलेलं. घरात कुत्रा नसताना त्याने कुत्र्याच्या खाण्याची चाळीस-चाळीस पौंडांची तीन पोती आणली होती, कारण गस तिसऱ्या पोत्यात निघाला. खाणं अर्डिसने शेजारच्या कुत्र्यांना घालून संपवलं. तेव्हापासून रोज सकाळी चार कुत्री पायरीवर येऊन बसायची.

बत्तीस कार्डं झाली होती. उरलं होतं एकच, पोलिसांचं. त्या उन्हाळ्यात त्यांच्या गावचे, केटल बेंडचे, पोलीस मुलांना दर आठवड्याला एका खेळाडूचं कार्ड देत होते, मागे एकेक उपदेश छापून. मुलाने गस्तीवरच्या पोलिसाला थांबवून मागायचं, पोलिसाने हसून द्यायचं. हा आठवडा गसचा होता. आणि वर्तमानपत्र म्हणत होतं, की गसला पश्चिमेकडच्या एका संघाला देऊन टाकलंय. आता तो आपला राहिला नाही म्हटल्यावर त्याची उरलेली कार्डं पोलीस शनिवारी परत पाठवणार होते.

"मग जाऊन माग की," अर्डिस म्हणाली.

"चौदा वर्षांखालच्यांनाच देतात."

"वय सांगूच नकोस. वागण्यावरून देतील."

"शेजारच्या एखाद्या पोराला पाठवलं तर?"

"वा! पन्नाशीचा माणूस पोरांना गाठून सांगणार, जा रे, पोलिसाकडून माझ्यासाठी गुपचूप एक वस्तू आण. कार्डाच्या मागे नेमकं हेच करू नका म्हणून छापलं असेल."

वेंडेल हार्डवेअरच्या दुकानात काउंटर सांभाळायचा. आयुष्यात त्याने कधी नियम मोडला नव्हता, त्यामुळे मोडायचा कसा हेही त्याला धड ठाऊक नव्हतं. बुधवारी दुपारी त्याने चर्चजवळच्या चौकात हवालदार कुबियाकची गाडी उभी पाहिली आणि थांबायच्या पाटीपुढून मोटार तशीच पुढे नेली. भीतीने ती इतकी हळू नेली, की कुबियाकला आधी कळलंच नाही. शेवटी वेंडेलने स्वतःच हॉर्न वाजवला.

"मिस्टर झीलके, पाटी दिसली नाही?"

"दिसली ना! चुकलंच माझं. बरं, आता भेटलाच आहात तर... तुमच्याकडे गस आहे का?"

"काय आहे?"

"गस. खिशात असेल बघा."

कुबियाकने वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. मग त्याला खाली उतरवून रस्त्यावरच्या पांढऱ्या रेषेवरून चालायला लावलं. नेमकं तेव्हाच चर्चमध्ये गोधड्या शिवणाऱ्या बायकांचं गोधडी मंडळ सुटलं. अकरा बायकांनी वेंडेलला पावलापुढे पाऊल ठेवत, हात पसरून चालताना पाहिलं. तो घरी पोचायच्या आत ही बातमी घरी पोचली होती.

"कार्ड मिळालं?" अर्डिसने विचारलं.

"दंडाची पावती मिळाली. आणि चौदा वर्षांखालच्यांनाच देतात, हे पुन्हा ऐकून आलो."

गुरुवारी पाद्रीबाबा घरी येऊन गेले. दारूबद्दल काहीच बोलले नाहीत, पण जाताना वेंडेलचा हात फार वेळ धरून ठेवला.

शुक्रवार उजाडला. उद्या गस खोक्यात बंद होऊन जाणार आणि तेहतिसाव्या कार्डाची जागा वहीत कायमची रिकामी राहणार. दुपारी चार वाजता त्याने पोलिसांना फोन केला, की माझ्या गॅरेजभोवती कोणीतरी घुटमळत होतं. पोलीस येईल, चहा-कॉफी होईल, गप्पांच्या ओघात विषय काढू, असा त्याचा बेत होता. आला तो कुबियाकच. त्याने कॉफीला नाही म्हटलं आणि वही काढली.

"दिसायला कसा होता?"

हा प्रश्न येईल याचा वेंडेलने विचारच केला नव्हता. त्याच्या डोक्यात गेले चार दिवस एकच माणूस होता.

"उंच. सहा फूट एक इंच. वजन एकशे नव्वद पौंड."

"वजनसुद्धा?"

"तांबूस मिशा, खाली वळलेल्या. हनुवटीवर डाव्या बाजूला तीळ. मारतो डाव्या बाजूने, फेकतो उजव्या हाताने."

"काय फेकतो?"

"म्हणजे... फेकलं असतं तर."

कुबियाक लिहीत होता. वीस वर्षांच्या नोकरीत इतका चोख साक्षीदार त्याला मिळाला नव्हता. तो आनंदाने इतक्या झटकन निघून गेला, की कार्डाचा विषय राहूनच गेला.

दीड तासाने फोन वाजला. "मिस्टर झीलके, सापडला! तीळसुद्धा आहे. ताबडतोब ठाण्यावर या, ओळख पटवायला."

वेंडेलने रिसीव्हर ठेवला. "अर्डिस, मी जो माणूस मनाने रचला, तोच सापडलाय."

"चल," अर्डिस कोट घालत म्हणाली. "हे मला चुकवायचं नाहीये."

ठाण्यात बाकावर, म्हणजे आपल्या नेहमीच्याच जागी, साक्षात गस टॉलिव्हर बसला होता. त्याच्या एका हातात बेडी होती आणि दुसऱ्या हातात तळलेल्या माशाचा अर्धा तुकडा. नव्या संघाकडे निघालेला बिचारा, खानावळीबाहेर 'शुक्रवारी तळलेले मासे' अशी पाटी बघून गावात थांबला होता.

"गाडीत कपडे, रेडिओ, दिवे, सगळं ठासून भरलंय," कुबियाक म्हणाला. "म्हणतो काय, तर मी बेसबॉल खेळतो. पण चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतोय खरा."

"खिशात बघा," वेंडेल रडवेल्या आवाजात म्हणाला.

कुबियाकने खिशातून कार्ड काढलं. कार्डाकडे पाहिलं, बाकावरच्या माणसाकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे पाहिलं. आठवडाभर हसत हसत त्याने तो चेहरा गावातल्या पोरांना वाटला होता.

मग वेंडेलने सगळं कबूल केलं. पाटी, हॉर्न, गॅरेज, काहीच लपवलं नाही. खोट्या तक्रारीची शिक्षा काय असते ते कुबियाक सांगणार, इतक्यात गसच हसू लागला. हसता हसता त्याला ठसका लागला.

"दहा वर्षांत मला जेवताना कोणी ओळखलं नव्हतं हो! आज ओळखलं ते बेड्या घालूनच."

कुबियाकने निमूटपणे बेडी काढली. आपल्याच खिशातल्या माणसाला आपण अटक केली, ही गोष्ट गोधडी मंडळापर्यंत जाऊ द्यायची नसेल तर काय करावं लागेल, हे त्याला समजलं होतं. त्याने कार्ड वेंडेलच्या हातावर ठेवलं. "घ्या. आणि आज काहीच घडलेलं नाही."

वेंडेलने ते दोन्ही हातांनी धरलं. तेहतीस! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ते मला मिळेल का?" गस ओशाळून म्हणाला. "माझी आई जमवते. तिच्याकडे एवढं एकच नाही. मी स्वतः मागितलं होतं, तर म्हणाले चौदा वर्षांखालच्यांनाच."

वेंडेलने अर्डिसकडे पाहिलं. अर्डिस छताकडे बघत होती. मग जड मनाने त्याने कार्ड गसच्या खिशात घातलं. आईपुढे आपण कोण?

गस गेला. वेंडेल टोपी शोधत असताना कुबियाकने टेबलावरून एक चौकोनी रंगीत फोटो उचलला आणि तो फाडायला निघाला. अटक केल्या केल्या काढलेला. गस भिंतीला टेकून उभा, ओठावर माशाचा कण, आणि फोटोच्या मागच्या बाजूला कुबियाकच्या हस्ताक्षरात उंची, वजन, तारीख.

"फाडू नका!" अर्डिस ओरडली. वेंडेलने तोवर फोटो त्याच्या हातातून काढून घेतला होता.

रविवारी दुपारी टोलीडोहून फोन आला. बाईंचा आवाज खणखणीत होता. "झीलके ना तुम्ही? माझ्यासाठी कार्ड सोडलंत म्हणे, देव तुमचं भलं करो. पण पोरगं सांगतंय, की पोलिसांनी फोटो काढला होता. तो तुमच्याकडे आहे?"

"आहे," वेंडेल म्हणाला. "पण तो मी देणार नाही, मॅडम."

"अहो, मी आई आहे त्याची!"

"असू द्या. जगात एकच आहे तो."

"बरं तर. तो नऊ वर्षांचा असताना पोरांचा संघ आमच्या गावातल्या अंत्यविधीवाल्यांनी चालवला होता. त्यांनी प्रत्येकाचं एकेक कार्ड छापलं. पुढे गस, मागे शवपेट्यांचे दर. त्याचं कार्डही जगात एकच आहे, आणि ते माझ्याकडे आहे."

वेंडेल खुर्चीत बसला. तेहतिसाव्या जागी फोटो लावल्यापासून आपला संग्रह पुरा झाला असं त्याला दोन दिवस वाटत होतं. त्याने हाताने रिसीव्हर झाकला आणि सगळं अर्डिसला सांगितलं.

अर्डिसने हातातली ताटली खाली ठेवली. "त्या ते कार्ड देत नसतील तर नसू दे. पण बघायला येतो म्हणावं," ती म्हणाली. "आणि टोलीडोला जायला किती तास लागतात, तेही विचारून घे."