बैठकीच्या खोलीतल्या बरगड्या

"यंदा हुडहुडी भरणार ती शेजाऱ्यांना! आपल्या घरात नाही!"

याकोब भिंगारदिवे मास्तरांनी हे सबंध आळीला ऐकवून ठेवलं होतं. नगरच्या थंडीला जो तो शेकोटी, घोंगडी आणि चहा यांनी तोंड देई. मास्तरांना तो निव्वळ अडाणीपणा वाटे. ते शाळेत ड्रॉइंग शिकवत, आणि ज्या गोष्टीची कागदावर आकृती काढता येते ती जगात घडतेच, अशी त्यांची ठाम श्रद्धा होती. घरच्यांची तेवढी नव्हती, पण घरच्यांना कोण विचारतो!

लढाई संपली, गोरे साहेब गाशा गुंडाळायला लागले, तेव्हा एका बंगल्यातलं सामान लिलावात निघालं. लोकांनी टेबलं घेतली, खुर्च्या घेतल्या. एका शहाण्यानं साहेबाचा आंघोळीचा टब नेला आणि त्यात म्हशीला पाणी पाजायला लागला. मास्तरांनी काय घेतलं? दोन रेडिएटर! ओतीव लोखंडाचे, कमरेएवढे उंच, शेजारीशेजारी उभ्या नळ्या असलेले. ते बैलगाडीतून उतरत असताना मास्तरांच्या बायकोनं, साराबाईंनी, दारातच कमरेवर हात ठेवले.

"ह्या कुणाच्या बरगड्या आणल्या?"

"बरगड्या नव्हेत, रेडिएटर! यांच्यातून गरम पाणी फिरतं आणि खोली उबदार होते. विलायतेत घरोघर असतात."

"विलायतेत बर्फ पडतो. आपल्याकडं दुपारी अंगणात पाय ठेववत नाही."

"आणि सकाळी?"

"सकाळी मी चुलीपुढं असते. तुम्हीही या, भाकऱ्या थापा. चांगली ऊब येईल."

मास्तरांनी या सूचनेकडे दुर्लक्ष केलं आणि रेडिएटर बसवायला साराबाईंच्या धाकट्या भावाला, पुंजारामाला, बोलावलं. पुंजाराम लढाईभर लष्कराच्या मोटारी दुरुस्त करत होता.

"दाजी, रेडिएटर म्हंजे माज्या हातचा मळ!" तो म्हणाला. "लॉरीत ह्योच इंजिन गार करतो. तुमाला गरम पायजे ना? मग उलटा बसवायचा!"

मास्तरांना हे तर्कशास्त्र बेहद्द आवडलं. त्यांनी लाल-निळ्या शाईनं नकाशा काढला. न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबापासून भिंतीतून नळी बैठकीच्या खोलीत, तिथं दोन्ही रेडिएटर, आणि तिथून परत बंबात. नकाशा इतका देखणा झाला की पुंजारामानं तो तेल लागू नये म्हणून उशाखाली ठेवला आणि काम अंदाजानंच केलं. आठवडाभर घरात हातोड्याचे घाव पडत होते. काम पुरं झालं ते नेमकं पाहुणे यायच्या दिवशी सकाळी!

आता हे पाहुणे कोण, तर राहात्याचे अब्राहाम रणभिसे. बागायतदार माणूस, चर्चच्या मंडळीतलं वजनदार प्रस्थ. त्यांचा मुलगा योहान शाळामास्तर, आणि त्याच्यासाठी ते मास्तरांची लेक रेबेका पाहायला येणार होते. रेबेकानं त्याआधी तीन स्थळं मोडीत काढली होती. एकाचे कान, एकाची मिशी आणि एकाची आत्या तिला आवडली नव्हती. योहानाचं नाव निघालं तेव्हा मात्र तिनं एकही खोट काढली नाही. नाताळात चर्चमध्ये त्याचं गाणं तिनं ऐकलं होतं. ती उठली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली. रात्री आईला एवढंच म्हणाली, "आई, यावेळी बाबांना काही करू देऊ नकोस गं."

पण बाबांचा बेत ठरला होता! साराबाईंनी लाज वाटून दोन्ही बरगड्यांवर भरतकामाच्या चादरी पांघरल्या होत्या आणि वर शेवंतीच्या फुलदाण्या ठेवल्या होत्या. मास्तर खूश झाले.

"उत्तम! पाहुण्यांना कुणी काही सांगायचं नाही. आधी त्यांना ऊब लागू दे. मग अब्राहामराव आपण होऊन विचारतील, 'मास्तर, शेगडी तर दिसत नाही, मग ऊब कुठनं येते?' मग मी सहज उठेन आणि अशी चादर ओढीन!"

त्यांनी दोनदा ओढून दाखवली.

पाहुणे आदल्या संध्याकाळीच भिंगारला अब्राहामरावांच्या बहिणीकडे उतरले होते. सकाळी ते चालत आले. मास्तरांनी अब्राहामरावांना मानाची खुर्ची दिली. तिच्या पाठीला रेडिएटर अगदी चिकटून होता. शेजारच्या खुर्चीवर मास्तर स्वतः टेकले. खिडकीखाली दुसऱ्या रेडिएटरजवळ अब्राहामरावांची बायको मरियाबाई आणि तिच्याशेजारी रेबेका. नवऱ्या मुलाला दारालगतचं स्टूल मिळालं. तो तिथं जो मान खाली घालून बसला तो घरातल्या सामानासारखा सगळ्यांच्या नजरेआड झाला. मागं न्हाणीघरात पुंजारामानं बंब पेटवला.

खोली गारठलेलीच होती. अब्राहामरावांनी मफलर आणखी एक वेढा घट्ट केला. मास्तर त्यांच्या तोंडाकडे आशेनं बघत होते. ऊब कुठनं येते हे काही त्यांनी विचारलं नाही.

"आपण वडीलधारे. आधी प्रार्थना करावी," मास्तर म्हणाले.

अब्राहामरावांची प्रार्थना राहात्यात प्रसिद्ध होती. ती सुरू झाली की बायका चुलीवर डाळ चढवत, आणि 'आमेन' येईतो ती शिजून उतरवलेली असे. सगळ्यांनी डोळे मिटले.

"हे दयाळू बापा," अब्राहामरावांनी सूर लावला, "ह्या घरात कुनालाच कशाचं उनं पडू देऊ नगंस…"

गुर्रर्रर्र… घुळुक! घुळुक! गुडगुडगुड…

"…आमेन!"

उभ्या आयुष्यात त्यांनी इतक्या लवकर प्रार्थना आवरली नव्हती. सगळ्यांनी डोळे उघडले. आवाज पोटाचा होता यात कुणालाच शंका नव्हती. पण कुणाच्या पोटाचा? डोळे मिटलेले असताना कोण सांगणार! मास्तरांनी शेजारी पाहिलं आणि त्यांना पाहुण्यांची दया आली. बिचारे भिंगारहून उपाशीपोटी चालत आले! अब्राहामरावांनीही शेजारी पाहिलं आणि त्यांना मास्तरांची दया आली. त्यांना स्वतःला बहिणीनं मटण-भाकरी गळ्याशी येईतो खाऊ घातली होती. म्हणजे पाहुण्यांच्या आधी खायचं नाही म्हणून यजमान पहाटेपासून उपाशी बसलेला दिसतोय!

असल्या गोष्टी तोंडानं बोलून दाखवायच्या नसतात. मास्तर नुसते ओरडले, "अगं, चहा राहू दे! आधी खायचं आण!"

साराबाईंनी नाताळच्या करंज्या आणि चिवडा आणला. मास्तरांनी ताटली पुढे केली.

"घ्या पाहुणे, घ्या!"

"मास्तर, तुमी बी घ्या की."

"छे छे! आधी पाहुणे."

घुळुक! गुर्रर्र…

अब्राहामरावांचा जीव कळवळला. "मास्तर, तुमी खाल्ल्याबिगर म्या हात लावनार न्हाई!"

मास्तरांना वाटलं, काय हा माणूस! भुकेनं आतडी पिळवटतायत, पण मानपान सोडत नाही! त्यांनी अख्खी करंजी तोंडात कोंबली. अब्राहामरावांनी हायसं वाटून सोबतीला एक उचलली. दोघंही तोंड मिटून चावत असताना पुन्हा गुडगुड झाली, आधीच्यापेक्षा मोठी. अजून भूक भागली नाही यांची, असं दोघांनाही एकदमच वाटलं.

"अगं, करंज्या आण!"

"वयनी, मास्तरांस्नी आनखी वाढा!"

करंज्या संपल्या. चिवडा संपला. दुपारच्या जेवणासाठी केलेला कोंबडीचा रस्सा आणि भाकरी सकाळीच पानात आल्या. आत साराबाईंनी मास्तरांना चुलीपाशी गाठलं.

"अहो, राहात्याकडं दुष्काळ पडलाय का?"

"हळू बोल! भुकेला माणूस आहे."

"आणि तुम्ही? सकाळी माझ्यासमोर दोन भाकऱ्या खाल्ल्यात!"

"मी खाल्लं नाही तर तो खात नाही गं!"

रश्श्याची वाटी रिकामी करताना मास्तरांच्या डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. पलीकडे अब्राहामरावांनी गुपचूप धोतराची गाठ सैल केली. पुंजारामानं बंबात जळण वाढवलं की गुडगुड वाढे, आणि गुडगुड वाढली की दोघं एकमेकांच्या पानात भाकरी टाकत. दोघंही मरणाच्या दारात होते आणि दोघंही एकमेकांवर उपकार करत होते.

इतक्यात खिडकीखालच्या रेडिएटरनं तोंड उघडलं.

घूंऽऽ… गुर्रर्र… घूंऽऽ!

मरियाबाईंनी दचकून शेजारी पाहिलं. शेजारी रेबेका बसली होती.

"पोरी, कवापासनं व्हतंय गं असं?"

"काय?"

"लाजू नगं. प्वाट."

रेबेकाचा चेहरा पांढराफटक पडला. "माझं पोट नाही ते!"

"असंच म्हनायची माजी ननंद. जल्मभर बेंबीला हिंग लावून लावून हात झिजलं माजं!" मरियाबाई नवऱ्याकडे वळल्या. "आवं, उठा आता. इचार करून कळवू की."

इचार करून कळवू! मुलीच्या बापाला या शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. साराबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. रेबेकानं चादरीखालच्या बरगड्यांकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"बाबा, हे तुमचंच आहे ना?"

तेव्हा कुठे मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला! सगळी सकाळ, प्रत्येक करंजी, प्रत्येक घास त्यांच्या डोळ्यांपुढून गेला. लेकीच्या डोळ्यातलं पाणी त्यांना बघवेना. पोट सावरत ते उठले आणि त्यांनी अब्राहामरावांच्या खुर्चीमागची चादर ओढली. दोनदा सराव केलेला असूनही फुलदाणी खाली आली आणि फुटली.

"पोट नव्हे! रेडिएटर! गरम पाण्याचा! गुरगुरतोय तो हा! खोली उबदार करणारं यंत्र आहे हे!"

अब्राहामरावांनी बोट लावून पाहिलं. मग सगळा तळहात लावला.

"मास्तर, ह्ये तर बरफावानी गार हाय."

मास्तरांनी हात लावला. गारच होता. लॉरीतला धर्म त्यानं इथंही सोडला नव्हता! आणि सकाळभर गुरगुरणारा तो दगाबाज आता चिडीचूप उभा होता. मास्तरांनी त्याला हलकेच एक लाथ मारली. तरी हूं नाही की चूं नाही.

"बापाची माया हो!" मरियाबाई पदर डोळ्याला लावून म्हणाल्या. "लेकीचं दुखनं झाकाया लोखंडावर आळ घालतोय."

"पुंजाराम!" मास्तरांनी टाहो फोडला.

पुंजाराम हातात पाना घेऊन आला. त्यानं रेडिएटरला कान लावला आणि वैद्यासारखी मान हलवली. "दाजी, आत वारा धरलाय. लॉरीत बी असंच व्हतं. ह्यो नट सैल केला की मोकळा."

"थांब," साराबाई म्हणाल्या, पण भाऊ थांबणाऱ्यातला नव्हता.

सूंऽऽऽ! आधी वारा सुटला. मग नट सुटला. आणि मग साहेबाच्या राज्यापासून आत साचलेलं तांबडं, गंजकं पाणी कारंज्यासारखं उडालं ते थेट अब्राहामरावांच्या शुभ्र फेट्यावर! तिथून कोटावर, कोटावरून धोतरात. पुंजाराम हातानं भोक दाबायला गेला तर धार दुभंगून मास्तरांनाही मिळाली. मागोमाग बंबातलं कोमट पाणीही आलं, आणि सगळं वाहून गेलं तेव्हाच धार थांबली.

अब्राहामरावांच्या मिशीतून तांबडे थेंब ठिबकत होते. त्यांनी तोंड पुसलं.

"मास्तर," ते म्हणाले, "आता मातर ऊब लागली!"

सकाळपासून मास्तर ज्या वाक्यासाठी तिष्ठत होते ते असं आलं. त्यांना हसावं की रडावं कळेना. रेबेका भिंतीकडे तोंड करून उभी होती. मरियाबाई चपला शोधत होत्या. संपलंच सगळं.

गुर्रर्रर्र… घुळुक! घुळुक!

सगळे एकदम रेडिएटरकडे वळले.

"आता त्याच्यात थेंब न्हाई," पुंजाराम म्हणाला.

"मग?"

"माझं आहे ते," दाराकडून आवाज आला.

सकाळपासून योहानानं पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. त्याचे कान लालबुंद झाले होते. "कालपासून घास उतरला नाही. भीती वाटत होती, यांनी मला नाही म्हटलं तर काय, म्हणून. आणि इथं… इथं मला कुणी ताटलीच दिली नाही."

खरंच की! दोन भरल्या पोटांच्या म्हाताऱ्यांना कोंबून कोंबून घालण्याच्या नादात नवरा मुलगा सगळे साफ विसरले होते! साराबाईंनी कपाळावर हात मारला. रेबेका भिंतीकडे तोंड करूनच फिस्सकन हसली. मग वळून, डोळे पुसत, मोठ्यानं हसली आणि काही न बोलता चुलीकडे गेली. रस्सा बापांनी संपवला होता. तिनं गरम भाकरी, लसणाची चटणी आणि तेल आणून योहानापुढं ठेवलं. तो खायला लागला तो दोन दिवसांची कसर काढत.

मरियाबाई चपला शोधायच्या थांबल्या. लेक जेवतोय आणि ही पोर तव्यावरची भाकरी पानात आणून घालतेय, हे बघताना त्यांचा हिंग कुठल्या कुठे गेला.

"तुम्हाला… म्हणजे तुमचं काय?" योहानानं घास हातात धरून रेबेकाला हळूच विचारलं.

"अजून एक वाढू?" ती म्हणाली.

"इचार कसला करायचा आता?" अब्राहामरावांनी ओल्या फेट्यासकट मांडीवर थाप मारली. "पोरगी पसंत! तारीख धरा, मास्तर! पर माजी एक अट हाय."

"बोला! शंभर अटी बोला!"

"आंदनात काय द्यायचं ते द्या, न्हाईतर काईच देऊ नगा. पर त्या बरगड्या तेवढ्या देऊ नगा!"

मास्तरांचं तोंड उघडं होतं ते तसंच राहिलं. खिडकीखालचा रेडिएटर लेकीला आंदण द्यायचा हे त्यांनी पहाटेच ठरवलं होतं, आणि ते जाहीर करायला ते आत्ता पुढे झालेच होते. त्यांनी ते शब्द मोठ्या कष्टानं गिळले. पोटात तेवढीही जागा उरली नव्हती.