आवाज येऊन राहिला का?

आमच्या शेजारचा सुधाकर कुणाशीही बोलण्याआधी हातात असेल त्या वस्तूवर बोटानं दोनदा टकटक करतो, तिच्यावर फुंकर मारतो आणि मगच तोंड उघडतो. कप असला तर कपावर, वांगं असलं तर वांग्यावर. स्वतःच्या लग्नात अंतरपाट बाजूला झाल्यावर त्यानं हारावर टकटक करून फुंकर मारली, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. नवरीला वाटलं हारात मुंग्या आहेत.

दोष त्याचा नाही, धंद्याचा आहे. कनेरगाव नाक्यावरून थोडं आत आमचं गाव, आणि गावातला मंडप-माईक सुधाकरचा. बारसं असो, ग्रामसभा असो, तीस वर्षं हा माणूस सगळ्यांच्या आधी माईकसमोर उभा राहतो, "हॅलो हॅलो, एक दोन तीन, आवाज येऊन राहिला का?" म्हणतो आणि माईक दुसऱ्याच्या हातात देऊन बाजूला होतो. चौथं वाक्य त्याच्या नशिबी कधी आलं नाही. रोज सकाळी मात्र तो अंगणातल्या कडुलिंबावरचा भोंगा तपासतो. आवाज कमी करणं त्याला माहीत नाही. लेकरांच्या परीक्षा असोत, कुणाचं दुखणं असो, बटन आहे तिथंच. मला ताप होता तेव्हा मी निरोप धाडला, तर म्हणाला, "वयनी, भोंगा हाय तो. कुजबुजायला थोडीच लावला?"

असा हा सुधाकर पन्नाशीला टेकला आणि एक दिवस माझ्या ओट्यावर येऊन, माझ्याच अडकित्त्यावर टकटक करून म्हणाला, "वयनी, मी रॅप करून राहिलो. मिक्सटेप काढतो."

मी विचारलं, हे काय असतं. त्यानं समजावलं की चाल नसलेली गाणी घाईघाईनं म्हणायची, त्यात चार लोकांना नावं ठेवायची, आणि अशी आठ-दहा गाणी एकत्र बांधली की मिक्सटेप. मी म्हटलं, हे तर आमच्या बाया नळावर रोज करतात. त्याला ते काही आवडलं नाही.

पण खोटं कशाला बोलू, मेहनत त्यानं केली. मंडपाच्या गाद्या चारी भिंतींना टेकवून मधे बसायचा. ठेका म्हणून जनरेटर चालू. घामानं न्हाऊन बाहेर यायचा आणि मला ऐकवायचा. नाव घेतलं 'एमसी भोंगा'. आणि नावं ठेवली ती कुणाला? ज्यांनी ज्यांनी तीस वर्षं त्याचा माईक वापरला त्यांना. माणूस माईकसमोर कसा वागतो यावरून सुधाकर त्याची जात नाही, पण कुंडली सांगतो. आमचे गुरुजी 'दोनच शब्द' म्हणून उभे राहतात, त्यांच्यावर होतं:

"दोनच शब्द म्हणता म्हणता दीड तास झाला,
खाली बसा गुरुजी, भाताचा लगदा झाला."

सरपंचावर होतं:

"सरपंच बोलतेत माईक गिळून,
आमची बॅटरी चालली जळून."

प्रकाशनाला मंडप त्याचा, माईक त्याचा, नारळही त्याचाच. त्यानं "एक दोन तीन" केलं आणि सवयीनं माईक पुढं दिला. सरपंच बोलले. गुरुजी दोनच शब्द बोलले. मग लाईट गेली, आणि जनरेटरचं डिझेल ठेक्यापायी आधीच संपलेलं. स्वतःच्या मिक्सटेपच्या प्रकाशनात सुधाकरला चौथं वाक्य मिळालं नाही ते नाहीच. गाणी मग सगळ्यांनी आपापल्या मोबाईलवर घेतली.

आता गावात भांडणं होणार म्हणून मी दाराला कडी लावून बसले. झालं उलटंच. ज्यांना नावं ठेवली ते खुशीत. गुरुजी तर नाक्यावर अनोळखी माणसाला सांगायला लागले, "ते भाताचे गुरुजी मीच." रागावले ते ज्यांना सोडलं होतं किंवा थोडक्यात उरकलं होतं. आमच्याकडं लग्नपत्रिकेत नाव राहिलं की लोक अक्षता टाकायला येत नाहीत, तसाच प्रकार. उपसरपंच म्हणाले, सरपंचाला दोन ओळी आणि मला एक, हा कुठला न्याय. पोलीस पाटलांच्या मालकीणबाई तर दारात येऊन उभ्या. "आमच्या मालकात काय कमी हाय, म्हणून त्यांची बेइज्जती केली न्हाई?" सुधाकरनं कानावर हात ठेवले.

समीक्षा म्हणाल तर तीही झाली. हिंगोलीहून एक जाणकार आले, चहा पिऊन गेले आणि मोबाईलवर लिहिलं की हा ग्रामीण मनाचा विद्रोही हुंकार आहे. सुधाकरनं तो मजकूर माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. "वयनी, हुंकार म्हंजे भोंगा घुंऽऽ करतो ते का?" मी म्हटलं, चांगलंच लिहिलंय. तो म्हणाला, "ऐकलं असतं तर चांगलं लिहिलं नसतं." एवढी अक्कल त्याला होती.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत. तिसरं गाणं फुटकं आहे. त्यात सुधाकर म्हणतो, "बटन माझ्या हातात, गळा दुसऱ्याचा होता," आणि तिथं आवाजच बंद. जनरेटरसुद्धा गप्प. पाच-सहा सेकंद काही नाही, मग एकदम पुढचं कडवं. सरपंच म्हणाले लाईट गेली असेल. जाणकारांना कुणीतरी हे कळवलं, त्यांनी लिहिलं, शांततेचा धाडसी प्रयोग. मी विचारलं तर सुधाकर एवढंच म्हणाला, "राहू द्या वयनी. ती जागा मोकळी न्हाई."

इथं मला दत्तारावांबद्दल सांगायला पाहिजे. सुधाकरचे थोरले भाऊ. दोघांच्या अंगणांमधे एक भिंत आहे आणि अकरा वर्षांचा अबोला. भजनात दत्तारावांसारखा गळा या भागात नव्हता. सुधाकर लहानपणी त्यांच्यापुढं माईक धरून उभा राहायचा, धंदा तिथूनच सुरू झाला. मग एका सप्ताहात, दत्ताराव अभंगाच्या दुसऱ्या चरणावर असताना एक मोठे पुढारी मंडपात आले. कुणीतरी खूण केली आणि सुधाकरनं भावाचा माईक बंद करून पुढाऱ्याचा चालू केला. दत्तारावांनी टाळ खाली ठेवले. "तुझ्या माईकपुढं पुन्हा तोंड उघडायचो न्हाई," म्हणाले. माईकपुढं तर नाहीच, त्यांनी सुधाकरपुढंही उघडलं नाही.

हे गावाला सगळं माहीत होतं. पण जो तो आपलं नाव शोधण्यात गुंग.

एका दुपारी दत्ताराव माझ्या ओट्यावर आले. उगीच हळदीचा भाव, माझे गुडघे, अशा चार गोष्टी बोलले आणि मग म्हणाले, "वयनी, ते हाय का तुमच्या मोबाईलवर?" मी लावलं. डोळे मिटून, मांडीवर ताल धरून त्यांनी सगळं ऐकलं. भाताच्या लगद्याला मिशीत हसले. तिसऱ्या गाण्यात आवाज गेला तशी मी सवयीनं म्हटलं, "इथं ते बंद पडतं..." त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. त्या पाच-सहा सेकंदांत त्यांचे ओठ हलले. पुढचं कडवं मधेच आलं तेव्हा ते अर्ध्यावर होते.

गावात एवढा एकच माणूस, ज्यानं आपलं नाव कुठं आहे म्हणून विचारलं नाही. उठताना म्हणाले, "त्याला म्हणावं, जागा कमी सोडली. एवढ्यात माझा चरण होत न्हाई. लहानपणापास्नं ऐकतो, तरी अंदाज न्हाई गाढवाला."

मी तसाच्या तसा निरोप सांगितला, गाढवासकट. सुधाकर भोंग्याचे स्क्रू पिळत होता. त्यानं स्क्रूड्रायव्हरवर दोनदा टकटक केली, फुंकर मारली, तोंड उघडलं. आवाज काही आला नाही.

आठवड्यानं मिक्सटेप पुन्हा आली. गाव तुटून पडलं. उपसरपंचाची ओळ एकच राहिली होती, पोलीस पाटलांची बेइज्जती याही वेळी झाली नव्हती. बदल एवढाच, की तिसऱ्या गाण्यातली जागा आता चांगली मोठी होती. लोक म्हणाले, आधी थोडं फुटकं होतं, आता पारच फुटलं.

दुसऱ्या सकाळी मी अंगणात सडा टाकत होते. लिंबावरच्या भोंग्याचं तोंड नेहमीसारखं भावाच्या घराकडं. गावाकडं फिरव म्हणून लोकांनी कितीदा सांगितलं, यानं कधी ऐकलं नाही. सुधाकरचं "हॅलो हॅलो, एक दोन तीन" झालं. मग रोजचंच, "आवाज येऊन राहिला का?"

दोघांमधल्या भिंतीपलीकडून कुणीतरी खाकरलं.

"येऊन राहिला," दत्ताराव म्हणाले. "कान फुटून राहिले. बटन कमी कर."

मी सड्याचा तांब्या हातात धरून उभी. आणि तीस वर्षांत पहिल्यांदा सुधाकरनं बटन कमी केलं.